'मुदखेड' ह्या शब्दांत अक्षरें किती?

मागील वर्षीं एका कचेरीकडून आमच्या हातीं विद्यार्थ्यांची एक छापील यादी आली. तींत प्रत्येकाच्या आईचें नांव मराठींत व इंग्रजींत असे दोन स्तंभ होते. इंग्रजी स्तंभांतील 'लक्ष्मीबाई' हें नांव आरंभापासून शेवटपर्यंत धडधाकट होतें. मराठी स्तंभांत मात्र 'लक्ष्म' एवढेंच छापलें असून त्यापुढें एका काळ्या चौकटींत प्रश्नचिन्ह उभें होतें. ती माउली यादी पाहण्यास शाळेंत आली आणि म्हणाली, "गुरुजी, माझं अर्धं नाव कुठं गेलं?"

त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कचेरींतील कोणी खोडसाळपणा केला होता असें नव्हे. नांव भरणाऱ्यानें तें पूर्ण भरलें होतें. मग तें कापलें कोणीं? पुढें वाचन व विचारपूस केल्यावर असें कळलें कीं, तें संगणकानें कापलें, आणि संगणकानें तें कां कापलें हें समजण्यास आधीं एका अगदीं बालबोध प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें : एका शब्दांत अक्षरें किती असतात? प्रश्न पहिलीच्या वर्गाचा आहे. परंतु संगणकाच्या भाषा रचणाऱ्या मोठमोठ्या पंडितांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत, व प्रत्येक उत्तरानें कांहीं मिळविलें आणि कांहीं गमाविलें आहे. त्या देवघेवीची हकीकत आम्ही येथें सांगूं इच्छितों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, संगणकास अक्षरओळख नसते. त्याला आंकडे तेवढे समजतात. शून्यापासून २५५ पर्यंतचा कोणताही एक आंकडा मावेल अशा लहानशा खणास बाइट म्हणतात, आणि संगणकाची सारी स्मृति म्हणजे अशा खणांची एक लांबच लांब रांग होय. तेव्हां कोणत्या अक्षरास कोणता आंकडा, हें माणसांनींच आधीं ठरवून द्यावें लागतें. अमेरिकेंत १९६३ सालीं असा एक ठराव झाला. त्याचें नांव आस्की. त्यांत अवघ्या १२८ चिन्हांची सोय होती, व इंग्रजीला तेवढी पुरेशी होती. आमच्या 'क'ला त्यांत जागा नव्हती.

पुढें भारतांत इस्की नांवाची योजना निघाली व १९९१ सालीं ती राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिची युक्ति मोठी चतुर होती. आपल्या बहुतेक लिप्यांचा वर्णक्रम एकच, म्हणून देवनागरी 'क', तेलुगू 'क' व बंगाली 'क' ह्या सर्वांस तिनें एकच आंकडा दिला. त्यामुळें प्रत्येक वर्णास एकच बाइट पुरे, आणि तीच ओळ हव्या त्या लिपींत दाखवितां येई. पण ती ओळ कोणत्या लिपीची, हें निराळें सांगावें लागे; आणि तें सांगणें हरवलें कीं घोटाळा. त्याच सुमारास अनेक छापखान्यांत व कचेऱ्यांत आणखी एक वाट रूढ झाली होती. इंग्रजी अक्षरांच्याच आंकड्यांवर मराठी अक्षरांचीं चित्रें बसवावयाचीं! कागदावर मजकूर सुरेख उमटे. परंतु ते विशिष्ट टाइप ज्या संगणकांत नसत तेथें तोच मजकूर उघडतांच इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे.

ह्या सर्व गोंधळावर उतारा म्हणून १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. जगांतील प्रत्येक लिपींतील प्रत्येक चिन्हास स्वतंत्र क्रमांक द्यावा, असा तिचा संकल्प. देवनागरीचे क्रमांक लावतांना तिनें इस्कीचीच मांडणी पुढें ठेविली. ह्या क्रमांकास आपण संकेतांक म्हणूं.

येथें आपल्या लिपीचा स्वभाव आड येतो. जुन्या छापखान्यांतील जुळाऱ्यांना तो चांगला ठाऊक होता. कांहीं ठिकाणीं काना, मात्रा, उकारासह सबंध अक्षराचा एकच खिळा ओतीत; त्यास अखंड पद्धति म्हणत. खिळा जुळविणें सोपें, पण केस इतकी अवाढव्य होई कीं जुळाऱ्याचे हात पोहोंचेनात. मुंबईकडील डिग्री पद्धतींत वेलांट्या, मात्रा व उकार ह्यांचे निराळे बारीक खिळे करून ते वर व खालीं बसवीत. खिळे कमी, पण जुळणी किचकट. लोकमान्य टिळकांनींही खिळ्यांची संख्या कमी कशी होईल ह्या प्रश्नांत लक्ष घातलें होतें. युनिकोडनें मूळ कल्पना डिग्री पद्धतीसारखीच घेतली आहे. 'मु' हें तेथें एक चिन्ह नसून 'म' आणि उकार अशीं दोन चिन्हें आहेत.

आतां आपल्या गांवाचें नांव घेऊं. मुदखेड. पाटीवर लिहिल्यास मु, द, खे, ड अशीं चार अक्षरें दिसतात. पहिलीचें मूलही चारच सांगेल. संकेतांक मोजल्यास म, उकार, द, ख, मात्रा, ड असे सहा भरतात. हे सहा आंकडे दोन दोन बाइटांत ठेवले तर बारा बाइट लागतात. आणि आज सर्वांत अधिक रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीनें ठेवले तर अठरा लागतात. चार, सहा, बारा, अठरा! हीं चारही उत्तरें बरोबर आहेत. पायथन किंवा जावा भाषेस ह्या शब्दाची लांबी विचारा, ती सहा म्हणेल. गो किंवा रस्ट भाषा अठरा म्हणेल. स्विफ्ट चार म्हणेल. विचारणाऱ्यानें आपण काय मोजावयास सांगत आहों हें जाणलें नाहीं, तर दोष त्या भाषांचा नव्हे.

संगणकाच्या भाषांत अशा अक्षरांच्या रांगेस स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे दोरा, माळ. ज्या मुदखेडच्या शिवारांतील फुलें बाहेरगांवीं जातात तेथील मुलांस माळेविषयीं अधिक सांगणें नको. माळ ओवणारास तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : माळ कोठें संपली हें कसें ओळखावें, मणी सारखे असावेत कीं लहानमोठे चालतील, आणि मोजतांना मणी मोजावेत कीं फुलें. भाषा रचणारांपुढेंही नेमके हेच तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न शेवटाचा. डेनिस रिची ह्यांनीं १९७२ च्या सुमारास रचलेल्या सी भाषेंत माळेच्या टोंकाला एक गांठ मारण्याची रीत आहे; ती गांठ म्हणजे शून्य हा आंकडा. शून्य दिसलें कीं मजकूर संपला. ह्यांत जागेची मोठी काटकसर होते व माळ हवी तितकी लांब करतां येते. पण लांबी सांगावयाची तर प्रत्येक वेळीं पहिल्या मण्यापासून गांठीपर्यंत चालत जावें लागतें. आणि गांठ मारावयाची राहून गेली तर संगणक पुढील खणांतील परक्या वस्तूही आपल्याच समजून वाचीत सुटतो. मापाबाहेर वाचण्याच्या व लिहिण्याच्या ह्या दोषामुळें संगणकांत चोरवाटा निर्माण झाल्या व जगाचें फार नुकसान झालें. पास्कल भाषेच्या अनेक आवृत्त्यांत ह्याच्या उलट रीत होती : माळेच्या आरंभींच एका बाइटांत तिची लांबी लिहून ठेवावयाची. लांबी विचारतांच उत्तर तयार, गांठीची भीति नाहीं. परंतु एका बाइटांत २५५ हून मोठा आंकडा मावत नाहीं, म्हणून माळही २५५ बाइटांहून लांब होत नसे. मराठी वर्णास तीन बाइट धरले तर तेथें पंच्याऐंशी संकेतांकांतच वाक्य थांबवावें लागेल! अलीकडील बहुतेक भाषा लांबी निराळी लिहूनच ठेवतात, मात्र त्या आंकड्यासाठीं जागा मोठी देतात. स्मृति स्वस्त झाली म्हणून ही सुधारणा परवडली. सी भाषेच्या काळीं ती इतकी सहज नव्हती, हें टीकाकारांनीं विसरूं नये.

दुसरा प्रश्न मण्यांच्या मापाचा. सर्व मणी सारखे असले तर शंभरावा मणी शोधण्यास मोजीत बसावें लागत नाहीं. टेप धरून सरळ तेथें बोट ठेवतां येतें. युनिकोडच्या आरंभीं अशी समजूत होती कीं, जगांतील सर्व चिन्हें ६५,५३६ क्रमांकांत मावतील, व तेवढे क्रमांक दोन बाइटांत बसतात. १९९५ सालीं जाहीर झालेल्या जावा भाषेनें त्याच भरंवशावर दोन बाइटांचा मणी पत्करला. परंतु पुढच्याच वर्षीं, १९९६ सालीं, युनिकोडला आपला अदमास बदलावा लागला, व आज तिची मर्यादा ११,१४,११२ क्रमांकांची आहे. ६५,५३६ च्या पलीकडील चिन्हास जावामध्यें दोन मण्यांची जोडी वापरावी लागते. म्हणजे सारखेपणा गेला तो गेलाच, आणि जागाही वाचली नाहीं.

हें पलीकडील चिन्ह म्हणजे कोणा दूरदेशींच्या लोकांची गोष्ट, असें समजूं नये. ज्या मोडी लिपींत मराठ्यांचीं दफ्तरें लिहिलीं गेलीं, ती मोडी युनिकोडमध्यें २०१४ सालीं आली, आणि तिला जागा मिळाली ती ६५,५३६ च्या पलीकडेच. 'मुदखेड' हेंच नांव मोडींत लिहिलें तर जावा त्याची लांबी सहा न सांगतां बारा सांगते. ज्यानें जोडीचा विचार न करितां प्रोग्रॅम लिहिला, त्याच्या हातून मोडी अक्षर मधोमध चिरलें जातें.

मण्यांच्या मापाबद्दल दुसरें मत यूटीएफ-८ चें. केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनीं १९९२ सालीं न्यू जर्सी प्रांतांतील एका उपाहारगृहांत जेवतांना टेबलावरील कागदी आसनावर ही योजना आंखली, अशी हकीकत आहे. हिच्यांत मणी मुद्दामच लहानमोठे केलेले आहेत. इंग्रजी अक्षरास एक बाइट, पलीकडील कांहीं लिप्यांस दोन, त्यांपुढील लिप्यांस तीन, व मोडीसारख्या दूरच्या लिप्यांस चार. आमच्या नांदेड जिल्ह्यास तर हिचें गणित घरबसल्या दिसतें. येथें मराठीच्या शेजारीं तेलुगू बोलली जाते. निजामाच्या राज्यांत १९४८ पर्यंत कचेरींत उर्दूचा अंमल होता, व आजही ती घरोघर आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यामुळें गुरुमुखीही परकी नाहीं. यूटीएफ-८ मध्यें उर्दूच्या वर्णास साधारणतः दोन बाइट लागतात. मराठी, तेलुगू व गुरुमुखीस तीन. आणि इंग्रजीस एक.

'हा पंक्तिप्रपंच कां?' असें कोणी रागानें विचारील. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुना इंग्रजी मजकूर ह्या पद्धतींत तिळभरही न बदलतां चालतो, म्हणून सारें जग तिच्याकडे भांडणावांचून वळलें. तिच्यांत प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट कोणता व मधला कोणता हें नुसतें पाहून ओळखतां येतें. त्यामुळें प्रवासांत एखादा बाइट गळाला तर एकच चिन्ह बिघडतें, सगळी ओळ बिघडत नाहीं. गो भाषा २००९ सालीं जाहीर झाली, व रस्ट भाषा २०१५ सालीं पक्क्या रूपानें पुढें आली. दोहोंनीं हीच पद्धति पत्करली. तिची किंमत म्हणजे शंभरावें चिन्ह गांठण्यास आरंभापासून मोजीत जावें लागतें, व मराठीस जागा अधिक लागते.

पायथन भाषेनें २०१२ सालीं ३.३ ह्या आवृत्तींत तिसराच मार्ग काढला. ती प्रत्येक माळेतील सर्वांत मोठा मणी पाहते, व त्या मापानें त्या माळेचे सगळे मणी एक, दोन किंवा चार बाइटांचे करते. शुद्ध मराठी ओळ दोन दोन बाइटांत बसते. पण तींत मोडीचें एखादेंच अक्षर किंवा एखादें हसऱ्या तोंडाचें चित्र आलें कीं सबंध ओळ चार बाइटांची होते. शंभरावा मणी चटकन सांपडतो. परंतु एका पाहुण्यासाठीं साऱ्या पंगतीचीं पात्रें बदलावीं लागतात.

शिवाय एका पद्धतींतून दुसरींत जातांना दारोदार रूपांतर करावें लागतें तें निराळेंच. आमच्या वडील पिढीस ह्याचा चांगला अनुभव आहे. मुदखेडवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग मूळचा मीटर गेजचा, आणि मनमाडास मुंबईकडील मार्ग रुंद गेजचा. म्हणून तेथें मालाचीं पोतीं एका डब्यांतून उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावीं लागत. पुढें आपला मार्गही रुंद झाला व ती यातायात संपली. जावाचा प्रोग्रॅम आंत दोन बाइटांचे मणी वापरतो व बाहेरचा कागद बहुधा यूटीएफ-८ चा असतो; तेव्हां प्रत्येक दारीं असेंच एक मनमाड उभें राहतें, आणि चढउतार करणारा गैरसावध असला कीं पोतें फुटतें.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : मणी मोजावेत कीं फुलें? संकेतांक नीट सांभाळले तरी अक्षर सांभाळलें जातेंच असें नाहीं. विद्यार्थ्यांनीं एक गंमत करून पाहावी. संगणकाला 'मुदखेड' हा शब्द उलटा करावयास सांगावा. अक्षरें उलटलीं तर 'डखेदमु' व्हावें. परंतु संकेतांक उलटले तर 'डेखदुम' होतें! 'ख'ची मात्रा 'ड'वर जाऊन बसते, आणि 'म'चा उकार 'द'च्या पायाशीं लोंबकळतो. इंग्रजी शब्द उलटतांना हा दोष सहसा दिसत नाहीं, म्हणून इंग्रजीवरच प्रयोग करणाऱ्यास आपला प्रोग्रॅम निर्दोष वाटतो.

२०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्विफ्ट भाषेनें ह्यावर उपाय म्हणून डोळ्यांस दिसणारें सबंध अक्षर हेंच मोजण्याचें माप धरलें. सामान्य माणसाच्या समजुतीशीं हें सर्वांत जुळतें. पण ह्यासही मोल पडतें. एक तर मोजणी मंदावते. आणि दुसरें म्हणजे 'अक्षर' कशास म्हणावें हें ठरविणारा नियमच बदलत असतो. 'लक्ष्मीबाई' ह्या शब्दांतील 'क्ष्मी' हें जोडाक्षर आपण एक समजतों. परंतु युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानें पाय मोडलेला 'क्', पाय मोडलेला 'ष्' व 'मी' असे त्याचे तीन तुकडे होत. २०२३ सालीं १५.१ ह्या आवृत्तींत नियम सुधारला, आणि देवनागरी जोडाक्षर एक गणलें जाऊं लागलें. म्हणजे जुन्या नियमानें ज्या नांवांत सहा अक्षरें होतीं, त्यांत नव्या नियमानें चार झालीं. नांव मात्र एका काडीनेंही बदललें नाहीं.

मोजण्यापेक्षांही नाजूक गोष्ट सारखेपणाची. मराठींत 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास बोलवा' व 'आचाऱ्यास बोलवा' ह्यांत तर विद्यालय आणि मुदपाकखाना एवढें अंतर आहे! हा अर्धचंद्रासारखा रफार आपल्या मराठीचा खास अलंकार होय. संगणकांत तो एकाहून अधिक प्रकारें लिहितां येतो : 'ऱ' हें एकच चिन्ह घेऊन त्याचा पाय मोडावा, किंवा साधा 'र' व त्याखालीं नुक्ता असे दोन संकेतांक घ्यावेत, अथवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावें. कागदावर तिन्ही रूपें सारखींच दिसूं शकतात, परंतु संगणकाच्या दृष्टीनें त्या तीन निरनिराळ्या माळा आहेत. एका रीतीनें नोंदलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधला तर 'असा शब्द नाहीं' असें उत्तर मिळतें. पहिल्या दोन रूपांस एक करण्याचा नियम युनिकोडनें घालून दिला आहे. तिसऱ्यास तो लागू पडत नाहीं. तेव्हां प्रत्येक भाषेपुढें पेंच असा कीं, दोन माळा ताडून पाहतांना नुसते मणी पाहावेत, कीं आधीं सर्व मणी एका रीतीस आणून मग पाहावेत? पहिल्यांत वेग आहे, दुसऱ्यांत न्याय आहे.

हा न्याय-अन्याय केवळ पुस्तकी नाहीं. मोबाइल फोनवरील साध्या संदेशास १४० बाइटांची जागा ठरलेली आहे. त्यांत इंग्रजीचीं १६० चिन्हें बसतात, कारण तेथें एका चिन्हास बाइटाहूनही कमी जागा दिलेली आहे. मराठीस दोन बाइटांचें माप लागत असल्यामुळें तितक्याच जागेंत सत्तरच संकेतांक बसतात. आईबापांना मराठींत सविस्तर लिहावयाचें तर एका संदेशाचे दोन-तीन होतात, व दामही त्याप्रमाणें पडतें. म्हणून पुष्कळ लोक मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहूं लागले. मापाच्या निवडीनें लिपीच्या वापरावर कसा परिणाम होतो, ह्याचें हें रोजचें उदाहरण आहे.

आतां त्या माउलीच्या नांवाकडे वळूं. 'लक्ष्मीबाई' ह्यांत ल, क, पाय मोडण्याचें चिन्ह, ष, पुन्हां तेंच चिन्ह, म, वेलांटी, ब, काना, ई असे दहा संकेतांक आहेत. योगायोग असा कीं, इंग्रजी लेखनांतही त्या नांवास दहाच अक्षरें लागतात. ज्यानें यादीचा प्रोग्रॅम लिहिला त्यानें नांवासाठीं वीस जागा ठेविल्या असाव्यात, आणि 'वीस पुष्कळ झाल्या' असें त्यास प्रामाणिकपणें वाटलें असावें. पण त्या वीस जागा अक्षरांच्या नव्हत्या, बाइटांच्या होत्या. इंग्रजी नांव दहांत आटोपलें. मराठीस तीस हव्या होत्या. पहिल्या सहा संकेतांकांनीं अठरा बाइट घेतले व 'लक्ष्म' उमटलें. उरलेल्या दोहोंत वेलांटीचे तीनांपैकीं दोनच बाइट शिरले. ती अर्धवट वेलांटी कोणासच वाचतां येईना, म्हणून संगणकानें तेथें काळें प्रश्नचिन्ह ठेविलें. कात्री कोणाच्या द्वेषाची नव्हती. माप कशाचें हें न विचारण्याची होती. तरी नांव कापलें गेलें तें गेलेंच, आणि दाखल्यावरचें नांव व यादींतलें नांव जुळत नाहीं म्हणून हेलपाटे घालावे लागले ते त्या माउलीसच.

ह्या सर्वांवरून सर्वांत उत्तम पद्धति कोणती, असें विद्यार्थी विचारतील. आमचें उत्तर असें कीं, सर्व कामांस सारखी उत्तम अशी एकही नाहीं. जागा वांचवावयाची असेल तेथें एक, चटकन शोधावयाचें असेल तेथें दुसरी, माणसाच्या डोळ्यांस पटेल असें मोजावयाचें असेल तेथें तिसरी. प्रत्येक भाषाकारानें आपल्यापुढील काम पाहून एक बाजू उचलली व दुसरीचा भार सोसला. दोष निवडींत नसतो; आपण काय निवडलें आणि त्याचा भार कोणावर पडतो, हें न जाणण्यांत असतो.

आमच्या शाळेंतून उद्यां संगणकाच्या कामावर जाणारीं मुलें निघतील. बाराखडी ज्यांच्या जिभेवर आहे त्यांस अक्षर, वर्ण व चिन्ह ह्यांतील भेद समजण्यास वेळ लागूं नये. ह्या बाबतींत इंग्रजीच जाणणाऱ्याहून तीं एक पाऊल पुढेंच आहेत. त्यांनीं प्रोग्रॅम लिहितांना नांवाची चौकट आंखण्यापूर्वीं 'हें माप कशाचें?' असें विचारावें, आणि परीक्षेसाठीं इंग्रजी नांव न घेतां आपल्या आईचें नांव मराठींत घालून पाहावें. तें सबंध उमटलें, उलटसुलट केल्यावरही मोडलें नाहीं, व शोधल्यावर सांपडलें, तर तो प्रोग्रॅम बहुधा इतरांच्या नांवांसही पुरा पडेल.

पालकांनींही यादी किंवा दाखला हातीं येतांच मराठी नांव शेवटच्या वेलांटीपर्यंत वाचून पाहावें, व तुटलेलें आढळल्यास तें त्याच दिवशीं लेखी कळवावें. त्या माउलीचें नांव नव्या यादींत पूर्ण छापून आलें. तें तिनें आमच्यासमोर बोट ठेवून वाचलें, आणि शेवटच्या 'ई'वर बोट आल्यावर यादी आमच्या हातीं परत दिली.